कागदावरची ‘साधी’ जखम

गोव्यात अपघातात किंवा मारामारीत सापडलेला माणूस आपले दुखणे सांगतो कोकणीत किंवा मराठीत, आणि ते कागदावर उतरते इंग्रजीत. म्हापशाचे आझिलो असो, मडगावचे हॉस्पिसियो असो (जिल्हा रुग्णालये झाली तरी लोकांच्या तोंडी जुनीच नावे आहेत), फोंड्याचे उपजिल्हा रुग्णालय असो की बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय; प्रकरण पोलिसांकडे जाणारे असले, म्हणजे रुग्णालयाच्या बोलीत ‘एमएलसी’ असले, की डॉक्टर जखमांचे प्रमाणपत्र लिहितो आणि शेवटी दोनपैकी एक शब्द टाकतो: ‘सिंपल’ (साधी) किंवा ‘ग्रिव्हस’ (जबर). डोक्याला बारा टाके पडलेल्या माणसाला आपल्या कागदावर ‘सिंपल’ लिहिलेय असे कोणी वाचून दाखवले, की त्याची खात्री पटते, डॉक्टर समोरच्या पार्टीला सामील आहे. डॉक्टरने मात्र कायद्याला धरूनच लिहिलेले असते.

इंग्रजीत लिहिण्याला माझा विरोध नाही. पण त्याच कागदावर जखमीचे स्वतःचे शब्द देवनागरीत आले पाहिजेत आणि ‘सिंपल’ की ‘ग्रिव्हस’ याचे कारण लिहिले गेले पाहिजे. या शब्दांवर गुन्ह्याचे कलम ठरते, भरपाईची रक्कम ठरते, आणि ज्याचे अंग दुखते त्याला ते कळतही नाहीत, ही स्थिती चालू राहू देण्याला काही कारण नाही.

‘सिंपल’चा उगम आधी पाहू. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 114व्या कलमात ‘हर्ट’ची व्याख्या आहे: दुसऱ्याला शारीरिक वेदना, रोग किंवा विकलता पोचवणे. कायद्याच्या मराठीत ‘हर्ट’ म्हणजे ‘दुखापत’ आणि ‘ग्रिव्हस हर्ट’ म्हणजे ‘जबर दुखापत’. जबर कोणती, ते 116व्या कलमात आठ प्रकारांनी सांगितले आहे. पुरुषत्व नष्ट होणे. एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणे. एका कानाचे ऐकू येणे कायमचे जाणे. अवयव किंवा सांधा गमावणे. त्याची शक्ती नष्ट किंवा कायमची कमी होणे. डोके किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणे. हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे. आणि आठवा प्रकार म्हणजे जिवावर बेतणारी किंवा पंधरा दिवस तीव्र शारीरिक वेदना देणारी अथवा तितके दिवस नेहमीचे व्यवहार करू न देणारी दुखापत. जुन्या दंडसंहितेत ही मुदत वीस दिवसांची होती. या आठांत जे बसत नाही ते सगळे ‘सिंपल’. गंमत म्हणजे या कलमांत ‘सिंपल हर्ट’ असा शब्दप्रयोगच नाही. तो पोलीस आणि डॉक्टरांनी वापरून वापरून रूढ केलेला आहे.

त्यामुळे ठोसा बसून पुढचा दात मोडला तर दुखापत जबर. कोयत्याने मांडी स्नायूपर्यंत चिरली, पंधरा टाके पडले, पण मोठी रक्तवाहिनी आणि नस वाचली आणि माणूस दहा दिवसांत कामाला लागला, तर दुखापत साधी. (कोयता हत्यार म्हणून वापरला म्हणून 118वे कलम लागून शिक्षा वाढते, हा भाग वेगळा, त्यासाठी हत्याराचा रकाना नीट भरावा लागतो.) सोसलेल्या वेदनेशी या वर्गवारीचा संबंध फक्त आठव्या प्रकारात येतो. नेमका तोच प्रकार कागदावर सर्वांत ढिसाळपणे हाताळला जातो.

फरक किती पडतो? हत्यार नसताना मुद्दाम साधी दुखापत केली तर 115व्या कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा अदखलपात्र, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलीस तपासच करू शकत नाहीत. जबर दुखापत असेल तर 117व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत कैद, आणि गुन्हा दखलपात्र. रस्ता अपघातात हिशेब आणखी रोकडा आहे. मोटार वाहन कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीनंतर 164व्या कलमाखाली चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख आणि जबर दुखापतीला अडीच लाख रुपये मागता येतात. ठोकर मारून पळालेली गाडी सापडलीच नाही तर जबर दुखापतीला पन्नास हजार. साध्या दुखापतीला या दोन्ही ठिकाणी काहीच नाही.

आता मोटरसायकल पायलटचे, म्हणजे दुचाकीवरून भाड्याने माणसे नेणाऱ्याचे, उदाहरण घ्या. पावसात गाडी घसरली, हात टेकून पडला, मनगट सुजले. एक्स-रेत काही दिसले नाही, म्हणून त्याच रात्री ‘सिंपल’ लिहून कागद पोलिसांकडे गेला. मनगटातल्या स्कॅफॉइड या छोट्या हाडाची भेग पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसतच नाही. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा काढला की दिसते. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर हाड मोडले असे धरूनच प्लास्टर घालायचे, हे प्रत्येक इंटर्नला शिकवलेले असते. म्हणजे उपचार ‘मोडले असावे’ या समजुतीवर होतात आणि कागद म्हणतो ‘मोडले नाही’. हाडाची नुसती भेगही सातव्या प्रकारात बसते. इथे ‘मत राखून ठेवले आहे, अमुक तारखेला पुन्हा तपासणी’ असे लिहिणे हाच बरोबर मार्ग. घाईत तो कोणी धरत नाही, आणि पायलटलाही ठाऊक नसते की दोन आठवड्यांनी नवा एक्स-रे घेऊन तपास अधिकाऱ्याकडे जायला हवे.

आठव्या प्रकारातले ‘नेहमीचे व्यवहार’ तर माणसाचा धंदा विचारल्याशिवाय ठरवताच येत नाहीत. घोट्याची शीर ताणली गेली तर सचिवालयातला कारकून तिसऱ्या दिवशी खुर्चीत बसेल. माडावर चढून सूर काढणारा रेंदेर किंवा नारळ पाडणारा पाडेली महिनाभर चढू शकणार नाही. नुसते पंधरा दिवस इस्पितळात झोपून राहिल्याने मात्र दुखापत जबर ठरत नाही, वेदना किंवा अक्षमता दाखवावी लागते. बरेच वकीलही हे विसरतात. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात हाच विचार भरपाईच्या बाजूने मांडला आहे: अवयवाचे अपंगत्व किती टक्के हा एक प्रश्न, आणि त्यामुळे त्या माणसाची कमाई किती टक्के बुडाली हा वेगळा. डावा हात गेलेल्या सुताराची कमाई जवळपास पूर्ण बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. एवढे सगळे व्यवसायावर अवलंबून असताना प्रमाणपत्रात व्यवसायाच्या जागी ‘लेबरर’ किंवा ‘सेल्फ एम्प्लॉइड’ एवढेच लिहून मोकळे व्हायचे, याला आळस म्हणतात.

जखमांच्या प्रकारांकडे वळू. इथे इंग्रजी वैद्यकाची शिस्त खरोखर चांगली आहे, आणि लोकांची मराठी-कोकणीही तितकीच नेमकी आहे. अडचण या दोघींमधल्या दुभाष्याची आहे.

न्यायवैद्यकात जखमेचे नाव ती कशी झाली यावरून पडते. त्वचेचा वरचा थर घासून निघाला तर अब्रेजन, आपले खरचटणे, सोलपटणे. त्वचा शाबूत पण खालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या तर कंट्यूजन. बोथट वस्तूने कातडी फाटली तर लॅसरेशन. धारदार पात्याने चिरले आणि लांबी खोलीपेक्षा जास्त असली तर इन्साइज्ड. खोली लांबीपेक्षा जास्त असली तर स्टॅब, म्हणजे भोसकलेले. फाटलेल्या जखमेच्या कडा वेड्यावाकड्या, आत तंतूंचे पूल शिल्लक राहिलेले, केस चिरडलेले; चिरलेल्या जखमेच्या कडा स्वच्छ, केस कापलेले, रक्तस्राव जास्त. हे सगळे पुस्तकात सरळ वाटते. पण डोक्याच्या कवटीवर, भुवईवर, नडगीवर कातडीखाली लगेच हाड असते. तिथे दांडक्याचा किंवा दगडाचा फटका बसला तर कातडी इतकी सरळ फाटते की जखम चाकूने केल्यासारखी दिसते. भिंगाखाली कडा पाहिल्या, तळाशी पूल शोधले, केसांची मुळे तपासली तरच फरक कळतो. रात्री दोन वाजता ‘शार्प कट’ असे लिहून टाके घालून टाकले की पुरावाही शिवला गेला. मग जखमी सांगतो दांडा, कागद म्हणतो धारदार हत्यार, आणि उलटतपासणीत खोटा पडतो जखमी. त्याचे ‘दांड्यान मारलो’ हे वाक्य त्याच्याच शब्दांत शेजारी असते तर डॉक्टरने दुसऱ्यांदा वाकून पाहिले असते.

‘मुका मार’ हा शब्द घ्या. मार बसला आहे पण कातडी काही बोलत नाही. मांडीच्या किंवा पाठीच्या खोल स्नायूत रक्त साकळले तर ते वर दिसायला एक-दोन दिवस लागतात. सावळ्या कातडीवर आणखी कठीण. कधी ते भलत्याच जागी उमटते: कपाळावर फटका बसतो आणि डोळा काळा पडतो, कारण रक्त गुरुत्वाकर्षणाने सैल ऊतीत उतरते. तासाभरात तपासलेल्या माणसाच्या कागदावर ‘नो एक्स्टर्नल इंज्युरी’ असे येते, ते त्या क्षणापुरते खरेही असते. न्यायालयात त्याचा अर्थ ‘मारलेच नाही’ असा लावला जातो. 48 तासांनी पुन्हा बोलावणे हा यावरचा साधा उपाय आहे. डागाचा रंगही काळ सांगतो: ताजा लाल, मग तीनेक दिवस निळा, पुढे काळपट-तपकिरी, पाचव्या-सहाव्या दिवशी हिरवट, आठवडा उलटल्यावर पिवळा, दोन आठवड्यांत नाहीसा. माणसामाणसात यात फरक पडतो, म्हणून एका डागावरून तारीख सांगू नये. पण एकाच अंगावर निळे, हिरवे आणि पिवळे डाग एकत्र असतील तर मार वेगवेगळ्या दिवशी बसला असावा, असा संशय घ्यायला हवा. घरात रोज मार खाणाऱ्या बाईच्या बाबतीत हे निरीक्षण फार मोलाचे असते. ‘मल्टिपल ब्रूझेस’ या दोन शब्दांत ते पार बुडून जाते.

तसाच ‘वळ’. काठी, पट्टा, पाइप यांसारखी लांबट गोल वस्तू जोरात बसली की दोन समांतर लाल रेघा आणि मध्ये फिकट पट्टा उमटतो. पाठीवर वळ उठले असे कोणी म्हणाले की हत्याराचा आकारच सांगून झाला. भाषांतरात त्याचे ‘स्वेलिंग’ झाले तर राहिले काय? ‘बोचकारले’ म्हणजे नखे. ती चंद्रकोरीसारखी किंवा समांतर ओरखड्यांची खूण सोडतात. ‘चेमटले’ म्हणजे दोन कठीण वस्तूंच्या मध्ये सापडले, आणि अशा बोटाला वरून काही दिसले नाही तरी आतल्या हाडाचा एक्स-रे काढायचा असतो. ‘लचकले’, ‘मुरगळले’ यांनी सांध्याची नाहीतर स्नायूची दिशा कळते. बोलणाऱ्याने फुकट दिलेली ही माहिती काउंटरवरच्या ‘इंज्युरी’ या एका शब्दात गडप होते.

आपल्या बोलण्याचीही एक खोच आहे, ती मान्य केली पाहिजे. ‘मला लागले’, ‘म्हाका लागलें’ या वाक्यात मारणारा कोणी नसतोच. ठेच लागली तरी लागले, नवऱ्याने भिंतीवर आपटले तरी लागले. लाजेने, भीतीने किंवा शेजारी तोच नवरा उभा असल्याने बाई ‘लागले’ एवढेच म्हणते, आणि कागदावर ‘हिस्टरी ऑफ फॉल’, म्हणजे पडून लागले, असे उमटते. पुढे तीच ओळ तिच्या विरुद्ध वाचली जाते. म्हणून विचारणाऱ्याने सोबतच्या माणसाला बाहेर पाठवून कशाने, कोणी, केव्हा, किती वेळा हे चार प्रश्न विचारायचे असतात. उलट बाजूने ‘अलेज्ड’ हा शब्द जखमीला टोचतो. ‘अलेज्ड हिस्टरी ऑफ असॉल्ट’ म्हणजे डॉक्टरला आपले खरे वाटले नाही, असे त्याला वाटते. खरे तर त्याचा अर्थ एवढाच की डॉक्टरने मारहाण डोळ्यांनी पाहिलेली नाही. ‘जखमीने सांगितले’ असे मराठीत लिहिले तर तोच अर्थ कुणालाही न दुखावता पोचतो.

वेदनेच्या रकान्यात तर शून्य ते दहा यांतला एक आकडाच मागतात. साठी उलटलेल्या अनेकांना दुखणे आकड्यात सांगता येत नाही, आणि आकडा मिळाला तरी वेदनेची जात कळत नाही. इंग्रजीनेही ही उणीव ओळखली होती. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी 1975 मध्ये मॅकगिल वेदना प्रश्नावली छापली, तिच्यात वेदनेचे 78 शब्द वीस गटांत लावले आहेत. आपल्याकडे ही शब्दसंपत्ती तयारच आहे. ठणका लागतो तो पू धरलेल्या किंवा सुजलेल्या जागी, नाडीबरोबर ठोके देत. चमक निघते आणि पायात उतरते तेव्हा कमरेतली नस दाबली गेल्याचा संशय घ्यावा. आग आणि मुंग्या एकत्र असल्या तर नसेलाच इजा झालेली असू शकते. कळ येते, जाते, पुन्हा येते. पोटात पिळवटल्यासारखी कळ आतडे किंवा मूत्रमार्ग सुचवते. सलते ते आत काहीतरी राहून गेल्यासारखे: काच, काटा, खडा. पायात काच गेलेला रुग्ण टाके घातल्यावरही ‘सलता’ म्हणत असेल आणि नर्स ‘पेन प्लस’ लिहीत असेल, तर काच आतच राहण्याचा संभव वाढतो.

डोक्याला मार लागलेल्यांच्या बाबतीत भाषेचा प्रश्न जिवाशी येतो. शुद्धी मोजायचे ग्लासगो परिमाण 1974 पासून जगभर वापरात आहे: डोळे उघडण्याला चार, बोलण्याला पाच, हालचालीला सहा, एकूण पंधरा. नाव, जागा, दिवस बरोबर सांगितला तर बोलण्याचे पाच गुण. गोंधळलेले उत्तर आले तर चार. सत्तरीतल्या मराठी-कोकणी बाईला ‘व्हेअर आर यू?’ किंवा हिंदीत ‘यह कौन सी जगह है?’ असे विचारले आणि ती बावचळली, तर तो मेंदूचा गोंधळ की भाषेचा? तासातासाने हाच आकडा पाहून सीटी स्कॅनचा आणि पुढे हलवण्याचा निर्णय होतो. दर पाळीत वेगळ्या भाषेत विचारले तर गुण खाली-वर होतील आणि मेंदूत काहीच बदललेले नसेल. कोणत्या भाषेत विचारले हे शेजारी लिहिण्याची सवय लावायला पैसा लागत नाही.

मनाच्या दुखापतीकडे येताना कायद्याची इंग्रजी एक उलटी गिरकी घेते. 114व्या कलमातला ‘हर्ट’ शरीरापुरता आहे, आणि 302व्या कलमात धार्मिक भावनांना ‘वूंड’ करण्याची शिक्षा आहे. बोलण्यातल्या इंग्रजीत भावना ‘हर्ट’ होतात आणि शरीर ‘वूंडेड’. संहितेत बरोबर उलटे. त्याच संहितेत ‘इंज्युरी’ची व्याख्या मात्र शरीर, मन, अब्रू किंवा मालमत्ता यांना बेकायदा पोचवलेला कोणताही अपाय, इतकी रुंद आहे. म्हणजे पोलिसाने ‘इंज्युरी’ लिहिले आणि डॉक्टरने ‘हर्ट’ वाचले, तर दोघे दोन वेगळ्या गोष्टी बोलतात. ‘विकलता’ या शब्दातून मन आत येऊ शकते, असे 1944 साली सिंधच्या न्यायालयाने म्हटले होते: पिस्तूल रोखल्याने हादरून कोसळलेल्या बाईची ती अवस्था न्यायालयाने दुखापत मानली. पण एवढ्या जुन्या निकालाच्या आधारावर आज कोणी गुन्हा नोंदवत नाही.

मनासाठी दारे इतरत्र उघडलेली आहेत. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक छळ आणि भावनिक त्रासाबद्दल भरपाई मागता येते, आणि संरक्षण अधिकारी भरतो त्या घटना अहवालात शाब्दिक व भावनिक हिंसेचा स्वतंत्र भाग आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्यात भरपाई ठरवताना मानसिक आघात, वेदना आणि भावनिक क्लेश लक्षात घ्यायला सांगितले आहे. हॉटेलांवर चालणाऱ्या या राज्यात तो कायदा फार कामाचा. पुरावा मात्र पहिल्या दिवसाच्या कागदावर नसतो. तिथे असते ‘पेशंट अँक्शस’ किंवा त्याहून वाईट, ‘हिस्टेरिकल’. तीन महिन्यांनी कोणी सांगितले की झोप उडाली आहे, तर ते वकिलाने शिकवलेले वाटते.

लिहायचे काय, हे मानसोपचारात ठरलेले आहे. झोप किती तास, दचकून जाग येते का, प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येतो का, ती जागा किंवा ते वाहन टाळले जाते का, आवाजाने दचकणे, खाणे, कामावर जाणे. आणि प्रत्येकापुढे तारीख. तीन दिवसांपासून महिन्यापर्यंत हा त्रास राहिला तर तीव्र ताण विकार, महिन्याच्या पुढे गेला तर पीटीएसडीचा (आघातानंतर टिकून राहणाऱ्या ताण विकाराचा) विचार, असा डीएसएम या मनोविकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेचा दंडक आहे. म्हणून तारखेला किंमत. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेकडे चिठ्ठी देताना पहिल्या दिवसाच्या दोन ओळी सोबत असल्या तर तिथल्या डॉक्टरला मुळापासून उकरावे लागत नाही.

‘ट्रॉमा’ आणि ‘शॉक’ हे शब्द आता मराठीच झाले आहेत, त्यांच्यापासूनच सावध राहिले पाहिजे. रुग्णालयात ट्रॉमा म्हणजे शरीराला झालेली इजा. मोबाइलवर ट्रॉमा म्हणजे मन. नातेवाईक ‘त्यांना शॉक बसला’ म्हणतात तेव्हा विजेचा धक्का असू शकतो, वाईट बातमी असू शकते. डॉक्टरच्या कानात मात्र रक्तदाब कोसळून अवयवांना रक्त न मिळण्याची अवस्था घुमते. विजेचा धक्का असेल तर ईसीजी आधी काढायचा असतो, म्हणून ‘कसला शॉक?’ हे विचारलेच पाहिजे. तरुण मुले ‘हर्ट झालो’ म्हणतात त्याला माझी हरकत नाही. मनाला लागले म्हणायचा संकोच त्या शब्दाआड झाकला जात असेल तर बरेच आहे. शिक्षक रागावले, इंटरनेट गेले, सगळ्यालाच ‘ट्रॉमा’ म्हणायची खोड मात्र घातक आहे. ज्याला खरोखर रात्री झोप नाही, त्याचा शब्दच आपण वापरून झिजवतो.

आता आक्षेप. न्यायालयांचे काम इंग्रजीत चालते, उच्च न्यायालयाच्या पर्वरीच्या खंडपीठापुढे आणि विमा कंपनीपुढे इंग्रजी कागदच जातो, हे खरे. म्हणूनच इंग्रजी काढा असे मी म्हणत नाही. उलट अब्रेजनला ‘अवघर्षण’, लॅसरेशनला ‘विदार’ असे घडीव संस्कृत शब्द बसवून फॉर्म मराठी केल्याचा आनंद मानणाऱ्यांशीही माझे जमणार नाही. ते डॉक्टरलाही कळत नाहीत, रुग्णालाही नाही. कोकणी की मराठी हा वाद इथे काढायची गरजच पडत नाही. 1987च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा आहे आणि मराठीही सरकारी कामासाठी वापरता येते. बोलणारा जे बोलेल ते, त्याच लिपीत, जसेच्या तसे लिहायचे. वेळ नाही, हा आक्षेप गंभीर आहे. कॅज्युअल्टीत एका डॉक्टरपुढे रांग असते. पण चार ओळी लिहायला डॉक्टरच लागतो असे नाही; नर्स, सोबतचा कॉन्स्टेबल, समाजसेवक यांपैकी कोणीही लिहून, वाचून दाखवून, सही किंवा अंगठा घेऊ शकतो.

वकील मंडळी म्हणतील की जखमीचे शब्द जितके जास्त लिहाल तितकी विसंगती जास्त सापडेल. विसंगतीचा मोठा वाटा भाषांतरातूनच जन्मतो, हे तेही जाणतात. शिवाय कायद्याने हा प्रश्न एका ठिकाणी केव्हाच सोडवला आहे. मृत्युपूर्व जबानीबद्दल खुशाल राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ती प्रश्नोत्तरांच्या स्वरूपात आणि शक्य तितकी सांगणाऱ्याच्याच शब्दांत घेतलेली असावी. त्याची बोली तशीच राहावी, कारण उलटतपासणीला तो उरणार नाही. जो जगतो त्याला पुढे साक्ष देता येते, असे त्यावर उत्तर मिळेल. पण ती साक्ष कधी कधी सहा-सात वर्षांनी होते, आणि तोवर त्याला स्वतःलाच काय बोललो होतो ते आठवत नसते.

म्हणून प्रमाणपत्राला अर्धे पान जोडा. वर जखमीच्या शब्दांत चार ओळी. मग नेमका व्यवसाय: ‘पाडेली’, ‘मासे विकते’, ‘पायलट’. माणसाच्या आकृतीवर जखमांच्या खुणा, लांबी-रुंदी-खोली सेंटिमीटरमध्ये, शक्य तिथे पट्टी शेजारी ठेवून फोटो. मताच्या जागी ‘ग्रिव्हस’ असेल तर 116व्या कलमाचा कितवा प्रकार. ‘सिंपल’ असेल तर पंधरा दिवसांची अट तपासली का. ठरत नसेल तर ‘मत राखून’. खाली मनाच्या नोंदी, ‘हिस्टेरिकल’सारखे शिक्के न मारता: झोपला का, थरथरतो का, बोलतो का. आरोग्य संचालनालयाच्या एका परिपत्रकाने हे होऊ शकते, त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. सुरुवात पेडणे, डिचोली, वाळपईच्या आरोग्य केंद्रांतून करावी. बांबोळीच्या मानाने तिथे गर्दी कमी आणि मराठी सरसकट कानावर पडणारी. आणि त्या अर्ध्या पानावर सर्वांत ठळक जागा पुन्हा तपासणीच्या तारखेला द्यावी, देवनागरी आकड्यांत, वार लिहून. मुक्या माराला दोन दिवसांनी, मनगटाला दोन आठवड्यांनी, कामावर जाता येते का हे पाहायला सोळाव्या दिवशी. सध्या तिथे ‘आर/ए आफ्टर टू वीक्स’ (दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवा) असे काहीतरी खरडलेले असते आणि ते औषधांच्या दुकानदाराखेरीज कोणी वाचत नाही.